परसूकाकांचं नाव लिहायचं राहिलं

परसूकाका पाकिस्तानी म्हणून वारले.

आज त्यांचा बारावा. वाचून दचकलात ना? मीही एकदा अशीच दचकले होते.

सिंदी मेघेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी काकांचं शाळेच्या युनिफॉर्मचं दुकान. माझा पहिलीतला निळा फ्रॉक तिथलाच.
पोरगी वाढणार म्हणून दोन बोटं मोठाच द्यायचे. आईने कुरकुर केली की म्हणायचे, "दिवाळीपर्यंत बराबर बसते ताई. नाई बसला तर वापस आणजा."

मोठी होऊन मी शिक्षिका झाले आणि मतदार यादीचं काम गळ्यात पडलं.
दहा वर्षांपूर्वी घरोघरी फिरताना काकांच्या नावाचा फॉर्म मीच भरून टाकला. कोणाला काही विचारलंसुद्धा नाही. काका तर आमचेच, विचारायचं काय त्यात?

संध्याकाळी सही घ्यायला दुकानात गेले. काकांनी चष्मा लावून फॉर्म वाचला. मग गल्ल्यातून हिरवा पासपोर्ट काढून माझ्यापुढे ठेवला.

"बेटा, मी सिंधहून आलतो. व्हिसावर राह्यतो इथं."

मी पासपोर्ट त्यांच्याकडे परत सरकवला. मग म्हटलं, "कोनाले समजते काका? सारी गल्ली तुमाले ओळखते. करा सही."

"नाई बेटा. चोरून टाकलेलं मत माह्यं कसं होईन? फाड तो फॉर्म. माह्या कागद आला का तूच येजो, नाव लिवाले."

फाडला. प्रेमापोटी का होईना, मी त्या माणसाला खोटं बोलायला सांगत होते. अजून लाज वाटते.

नागरिकत्वाचा कागद काही आला नाही.

भारतीय व्हायचं तर पाकिस्तानी पासपोर्ट चालू ठेवा. तो संपला की दिल्लीला त्यांच्या वकिलातीत जाऊन नवा करा. व्हिसा या गावापुरताच, म्हणून दिल्लीला जायचं तर इथे परवानगी काढा. डोकं फिरायचं माझं. काका शांतपणे झेरॉक्स काढत बसायचे.
सख्खा भाऊ नागपुरात वारला. इथून दीड तासाचा रस्ता. परवानगी हातात पडली तेव्हा त्याचा बारावाही उरकला होता.

मतदानाच्या दिवशी मात्र काकांचं दुकान बंद. गल्लीतल्या म्हाताऱ्यांना स्कूटरवर बूथपर्यंत सोडायचे आणि स्वतः गेटबाहेर थांबायचे.

एकदा काकांनी हळूच विचारलं, "बटन दाबलं का आवाज येते का गं?"

"येते काका. लंबा बीप."

"अच्छा."

एवढंच. मला आत जाऊन रडू आवरेना.

काल त्यांचा मुलगा तो पासपोर्ट जमा करायला गेला होता. परत येताना आमच्या दारात थांबला. हातात पावती.

"ताई, पाच मिनटात झालं. आज कोनीच 'उद्या या' म्हटलं नाई."

काका, तुमचं नाव मला लिहिता आलं नाही. माफ करा.

आमच्या माणसाला, साऱ्या गल्लीचा अखेरचा नमस्कार.