मांडवातली पहिली सुपारी

आमच्या घरात कोणी गातं, कोणी पुरणपोळ्या करतं आणि मी जादू करतो. पहिल्या दोघांना लोक ‘अजून एक होऊ दे’ म्हणतात. मला म्हणतात, ‘बस आता, पानं वाढलीत.’

माझी जादू तशी एकच. स्टीलच्या तीन वाट्या पालथ्या घालायच्या, एकीखाली सुपारी ठेवायची, वाट्या इकडून तिकडे सरकवायच्या आणि विचारायचं, कुठे आहे? समोरच्याने कुठलीही वाटी उचलली तरी खाली काही नसतं, कारण सुपारी तोवर माझ्या डाव्या खिशात गेलेली असते. मग मी ती त्याच्याच कानामागून काढतो. खिशात हात घालायला निमित्त लागतं, ते घाम पुसायच्या रुमालाचं. पनवेलच्या उकाड्यात घाम पुसणाऱ्याचा संशय कोणाला येत नाही. माझी निम्मी कला या हवेवर चालते.

हे गुपित माझ्याखेरीज फक्त माझ्या भाचीला ठाऊक होतं. लहानपणी चॉकलेटच्या आशेने तिने माझा खिसा तपासला आणि तिच्या हाताला सुपारी लागली. तेव्हापासून ती गप्प आहे. एवढा विश्वास मला बायकोवरही टाकता आलेला नाही. म्हणजे बायकोचं म्हणणं तिला सगळं आधीच माहीत आहे, पण ते सोडा.

तर ही भाची लग्न ठरल्यावर माझ्याकडे आली आणि म्हणाली, “मामा, माझ्या लग्नात जादू कर.”

मला आधी वाटलं, माझी थट्टा चाललीय. पण तिचा चेहरा तसा नव्हता. मुलगा उरणकडच्या एका गावातला, तिच्याच ऑफिसातला. त्याचे वडील तो लहान असतानाच गेले. थोरल्या काकांनी मिठागरावर राबून त्याला वाढवलं, शिकवलं. त्या घरात काकांचा शब्द शेवटचा. लग्नाला त्यांनी ‘नाय’ म्हटलं नव्हतं, पण ‘हो’सुद्धा दुसऱ्याच्या तोंडून कळवलं होतं. भाची तीनदा त्यांच्या घरी जाऊन आली. तिन्ही वेळा काका ओटीवर बसून अडकित्त्याने सुपारी कातरत राहिले. तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत.

“बोलू नका म्हणावं, पण एकदा हसले तरी चालेल,” ती म्हणाली. “मला त्या घरात जन्मभर राहायचंय मामा. हॉलमध्ये पाहुणे मुहूर्ताची वाट बघत बसतात ना, तेव्हा जरा फिर त्यांच्यात.”

आता इतका भरवसा कोणी दाखवला की माझं डोकं ठिकाणावर राहत नाही. मी नवं जाकीट शिवून घेतलं. डावा खिसा शिंप्याला मुद्दाम खोल करायला सांगितला. त्याने विचारलं, “मोबाइल मोठा आहे का?” मी हो म्हणालो.

लग्नाच्या सकाळी मुलाकडची मंडळी दोन बसने हॉलवर आली. मुहूर्ताला तासभर अवकाश होता. पुढच्या सोफ्यावर काका, पांढरीशुभ्र टोपी, कडक इस्त्री, हात गुडघ्यांवर. मी वाट्या घेऊन खुर्च्यांमध्ये शिरलो. म्हटलं, सुरुवात तरुण मंडळींपासून करावी, हशा पिकला की मग थोरांकडे जावं. जावयाचा एक मित्र डोळ्यांवर काळा गॉगल लावून पंख्याखाली बसला होता. त्याच्या हातात सुपारी दिली, “नीट बघून घ्या साहेब, खरी आहे ना?”

हशा पिकला. बायका उठून मागे उभ्या राहिल्या. गॉगलवाल्याच्या कानामागून सुपारी निघाली तेव्हा टाळ्या पडल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला ‘अजून एक’ म्हणालं. मी ती जादू पाच वेळा केली. विजयी मुद्रेने सोफ्याकडे वळलो तर सोफा रिकामा. काका माझ्या पाठीमागे, कूलरजवळच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर जाऊन बसले होते. केव्हापासून, कोण जाणे.

मुलाची आई हळूच जवळ आली. “मामा, तुमी शिकलेली माणसं. पन आमच्यात मांडवातली पयली सुपारी थोरल्याच्या हातात देतात. त्याचा मान असतो तो.”

“अहो, पण ही जादूची...”

“सुपारी ती सुपारी,” ती म्हणाली.

मंगलाष्टकं चालू असताना मी भाचीच्या पाठीमागे मामाच्या जागी उभा होतो, खिशात तीच सुपारी. इतकी जड वस्तू मी कधी बाळगलेली नाही. अक्षता पडल्या, हार घातले गेले, फोटो झाले. मग विहिणींची पंगत बसली. चांदीचं ताट, रांगोळी, उदबत्त्या, सगळं साग्रसंगीत. काकांचं पान रिकामं. निरोपावर निरोप गेले. दर वेळी उत्तर एकच, “भूक नाय.” ज्याने मुलगा वाढवला तो त्याच्या लग्नात उपाशी परत जाणार, हे पंगतीतल्या प्रत्येकाला कळत होतं. जावयाने घास तोंडापर्यंत नेऊन खाली ठेवला. भाचीने मुंडावळ्यांच्या आडून माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं वाटलं असतं.

मी वाट्या उचलल्या आणि निघालो. मागे बांगड्या वाजल्या. भाचीही पानावरून उठली होती.

काका हॉलच्या पडवीत बसले होते. मी त्यांच्यासमोर एक स्टूल ओढलं, त्यावर वाट्या मांडल्या आणि दोन्ही हातांनी सुपारी पुढे केली. “काका, सकाळी चुकलं. ही आधी तुमच्या हातात द्यायची होती. मला रीत ठाऊक नव्हती.”

काकांनी सुपारी घेतली, उलटीपालटी करून पाहिली आणि मधल्या वाटीखाली स्वतः ठेवली. म्हणजे खेळ सुरू कर. तोवर दोन्हीकडची पंधरा-वीस माणसं जमली होती. मी वाट्या सरकवल्या. रुमाल काढला, घाम पुसला. या वेळचा घाम अस्सल होता.

“सांगा काका, कुठे आहे?”

काकांनी वाट्यांकडे पाहिलंच नाही. त्यांनी माझ्या डाव्या खिशाकडे पाहिलं. नीट, सावकाश, मग माझ्या तोंडाकडे. तेव्हा माझ्या लक्षात आलं की सकाळी कूलरजवळ बसून त्यांनी पाठीमागून पाचही वेळा सगळं पाहिलं होतं. आता ते एक वाक्य बोलले असते तर माझं जे व्हायचं ते झालंच असतं, पण हसं भाचीच्या माहेरचं झालं असतं.

काकांनी मान वळवली.

“तू सांग गो पोरी. कुठं हाय?”

तिच्याशी बोललेले हे त्यांचे पहिले शब्द. ती गडबडली. तिचीही नजर आधी माझ्या खिशाकडे गेली. तिन्ही वाट्या रिकाम्या आहेत हे तिला माझ्याइतकंच माहीत होतं. पण थोरल्यांनी विचारलंय म्हटल्यावर काहीतरी सांगायला हवं.

“मधल्या वाटीखाली,” ती म्हणाली.

काकांनी मधल्या वाटीवर हात ठेवला. मिठागरावर राबलेला, भाकरीएवढा रुंद पंजा. त्याखाली वाटी पार दिसेनाशी झाली. मग त्यांनी ती उचलली.

खाली सुपारी होती.

टाळ्या पडल्या. मी खिसा चाचपला. माझी सुपारी खिशातच होती. भाचीने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. जादू बघणाऱ्याचं तोंड कसं होतं, ते इतक्या वर्षांनी मला आतून कळलं.

“काका, कसं केलंत?” तिने विचारलं.

“घरी येशील तवा सांगन,” काका म्हणाले, आणि त्यांच्या मिशा थोड्या हलल्या. मग टोपी सारखी करत ते उठले. “चला, पान वाढा. मामांनाबी बसवा, लय घामाघूम झालेत.”

त्यांनी जिलेबी दोनदा मागून घेतली.

लग्नाला आता वर्ष होत आलं. परवा भाची माहेरी, विचुंब्याला आली होती. काकांसाठी नवा अडकित्ता घ्यायचा म्हणून बाजारात माझ्या स्कूटरवर मागे बसून आली. मी वाटेत विचारलं, “ती सुपारी त्यांनी आणली कुठून? कमरेच्या चंचीतून? पण वाटीखाली गेली केव्हा?”

“सांगितलंय मला त्यांनी,” ती म्हणाली.

“मग सांग की. माझं सगळं तुला ठाऊक आहे.”

“तुझं मी कोणाला सांगितलं का?” ती म्हणाली. “आणि हे आमच्या घरचं आहे, मामा.”