डाव्या हाताचा एक्स-रे

मुलगी सात वर्षांची आणि आत्ताच वयात यायला लागलेली. महिनाभर मी घरात कुजबुजत होते, नवऱ्याशी, फोनवर आईशी. मुलगी खोलीत आली की गप्प. शेवटी डॉक्टरांनी हाडांचं वय बघायला तिच्या डाव्या हाताचा एक्स-रे सांगितला. हिंजवडीच्या ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा काढून मी तिला पेठेतल्या एका सेंटरवर नेलं.

एक्स-रे काढणाऱ्या बाई पन्नाशीच्या, चेहऱ्यावर हसू नाही. मी त्यांच्या कानाशी लागून म्हटलं, “ही जरा लवकर मोठी होतेय.”

“मोठ्यानं बोला. इथे कोणी झोपलेलं नाही.”

मी पुन्हा तेच, तितक्याच हळू.

“अहो, कुजबुजताय कशाला? तिनं काही चोरलंय का?”

मग बाई मुलीकडे वळल्या. हात ठेवायची प्लेट गार होती. त्यांनी आधी स्वतःचा तळवा प्लेटवर दाबून धरला, ऊब आल्यावर उचलला.

“आता ठेव हात. बोटं पसर. तुझं शरीर जरा घाईत आहे, किती घाईत ते आपण बघू.”

“खूप घाईत असेल तर?”

“तर डॉक्टर त्याला हळू चालायला लावतील. हलू नकोस.”

परतताना रिक्षात मुलीनं विचारलं, “आई, म्हणजे मी काही चुकीचं केलं नाही ना?”

सवयीनं मी तिच्या कानाशी वाकले. मग सरळ बसले आणि मोठ्यानं म्हणाले, “नाही गं, काहीच नाही.”

रिक्षावाल्यानं आरशातून मागे पाहिलं. मी मनात म्हटलं, पाहू दे.