झाकणावरची लाल फुली

हॅलिफॅक्सच्या विद्यापीठात डोळ्यांवर संशोधन करणारी एक प्रयोगशाळा आहे. तिथली द्रावणं व्हर्ना झ्विकर बावीस वर्षं बनवत होती. पोरं यायची, पदव्या घेऊन जायची, व्हर्ना तिथंच. तिच्या हातून चूक होत नाही असं सगळे म्हणत, आणि खरं सांगायचं तर तिलाही ते पटलेलं होतं.

बेडकाच्या डोळ्याचा पडदा तिथं अंधाऱ्या खोलीत, मंद लाल दिव्याखाली तपासत. अंधारात त्यातल्या पेशी रसायन सोडून शेजारच्या पेशींना निरोप देत राहतात. त्यासाठी कॅल्शियम आत शिरावं लागतं. ते नसलं की पेशी गप्प. पण तिथल्याच कोरी बूड्रो या विद्यार्थ्याच्या प्रयोगात कॅल्शियम नसतानाही निरोप जातच राहिले! प्रयोगशाळेचे प्रमुख डॉक्टर हेनिगर अक्षरशः नाचले. कोरीचा शोधलेख गुरुवारी दुपारी छापायला जाणार होता.

गुरुवारी सकाळी व्हर्ना अंधाऱ्या खोलीत सामान ठेवायला गेली. कॅल्शियमवाल्या बाटलीच्या झाकणावर फुली आणि बिनकॅल्शियमच्या झाकणावर काहीच नाही, ही तिथली जुनी रीत. तिनं फळीवरच्या बाटल्या पाहिल्या. काहींवर तरी फुली हवी होती, पण एकाही झाकणावर ती नव्हती. एक उचलून ती बाहेर उजेडात आली, तर झाकणावर ठसठशीत लाल फुली!

तिला आठवलं. जानेवारीत काळं पेन वाळलं, तेव्हा तिनं हाताला लागलेलं लाल पेन वापरलं होतं. लाल दिव्याखाली लाल शाई दिसत नाही. "इथं लाल शाई आणाल तर याद राखा!" असं दर नव्या पोराला दरडावणारी हीच बाई! कोरी महिनाभर पेशींना कॅल्शियमच पाजत होता.

बाटली मुकाट्यानं धुवून टाकली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. हा विचार मनात आला याचाच तिला जास्त धक्का बसला.

"कोरी, लेख पाठवू नकोस."

"का? चेष्टा करताय का, व्हर्ना?"

तिनं झाकण दाखवलं. कोरीचा चेहरा पांढराफटक पडला. "माझा महिना गेला..." एवढंच तो पुटपुटला. डॉक्टर "अरे देवा!" म्हणून खुर्चीत बसले, ते बराच वेळ उठलेच नाहीत.

दुपारी कोरीनं प्रयोग पुन्हा लावला. निरोप मिळालेल्या पेशींचे विजेचे झटके स्पीकरवर टकटक वाजत होते. बिनकॅल्शियमचं द्रावण पोचलं आणि थोड्याच वेळात टकटक थांबली.

"पुढची बाटली द्या," कोरी म्हणाला.

व्हर्नानं दिली. आजवर तो न पाहताच घ्यायचा. आज तो बाटली घेऊन बाहेर गेला, उजेडात झाकण नीट पाहिलं आणि मगच आत आला. तो चुकत नव्हता. तरी व्हर्नाचे डोळे भरून आले, आणि त्या अंधारात ते कुणाला दिसले नाहीत.