एकसारखे दिसणारे दोन अमिबा आणि औशापुढचं एक गाव

माझ्या ब्लॉगवर तुम्ही किल्ले, लेणी, देवळं वाचायला येता. या वेळी मी जिथे गेले तिथे बघण्यासारखं काही आहे का, असं कुणी विचारलं तर उत्तर देणं अवघड आहे. निमित्त होतं माझ्या नणंदेचं. शुभांगी जीवशास्त्राची संशोधक. माणसांच्या आतड्यात राहणारे जंत, अमिबा आणि त्यांच्या जनुकांमधले फरक हा तिचा विषय. लातूरमधलं मुलांचं एक हॉस्टेल आणि भूकंपानंतर नव्याने वसलेलं औशाच्या पुढचं एक गाव, अशा दोन ठिकाणचे शौचाचे नमुने तिने गोळा केले होते. तपासण्या संपल्या, निकाल हाती आले, आणि एके दिवशी चहा घेता घेता ती म्हणाली, "वहिनी, मला परत जायचंय. लोकांना सांगायचंय त्यांच्या पोटात काय सापडलं ते. येशील? गाडी तूच चालव, मला भीती वाटते हायवेवर."

मी शिकवते त्या शाळेला सुट्टी होती. नवऱ्याने, म्हणजे तिच्या भावाने, "दोघी शी या विषयावर चार दिवस बोलणार, मी सुटलो," म्हणून आनंदाने निरोप दिला.

नांदेडहून सकाळी लवकर निघालो. लोहा, अहमदपूर, चाकूर असा सरळ रस्ता. बराचसा चांगला आहे, फक्त मध्येमध्ये कामं चालू असल्याने वळसे घ्यावे लागतात. थंडीचे दिवस, दोन्हीकडे ज्वारी आणि हरभरा. अहमदपूरला टपरीवर सुशीला खाल्ला. आमच्याकडचा हा चुरमुऱ्यांचा नाश्ता पोह्यांपेक्षा हलका, आणि वर शेंगदाण्याची चटणी असेल तर मला जेवणही नको. तिथेच शुभांगीने मला सुमनबाईंची गोष्ट सांगितली.

सुमनबाई त्या लातूरच्या हॉस्टेलात स्वयंपाक करायच्या. शुभांगीचं नमुने घेणं चालू होतं, त्याच दिवसांत हॉस्टेलातली काही मुलं रक्ती आव पडून आजारी पडली. एका मुलाला तर दवाखान्यात ठेवावं लागलं. मालकांनी घाईने स्वयंपाकघरातल्या बायांची तपासणी बाहेरून करून घेतली. सूक्ष्मदर्शकाखाली सुमनबाईंच्या नमुन्यात अमिबा दिसले. झालं, 'हिनेच पोरांना रोग दिला' असं ठरलं आणि त्यांना घरी, म्हणजे औशापुढच्या त्याच गावाला, पाठवलं.

"पण अमिबा होताच ना?" मी विचारलं.

"होता. तीच तर गंमत आहे," शुभांगी म्हणाली. "आतड्यात राहणारे दोन अमिबा असे आहेत की कवच धरून बसले की भिंगाखाली जुळे भाऊ वाटतात. एक आतडं पोखरतो, आव पाडतो. दुसरा नुसता राहतो, खातो-पितो, कुणाचं काही बिघडवत नाही. दोघांना वेगळं ओळखायचं तर जनुकं बघावी लागतात. सुमनबाईंचा नमुना मीही घेतला होता; त्यांच्या पोटात दुसरा होता. निरुपद्रवी. आजारी मुलांच्या नमुन्यांत पहिला."

दुपारी लातूर. कोचिंगच्या भागात शिरलात की आधी चेहरेच दिसतात. चौकाचौकात फलक, त्यावर पांढऱ्या कोटातली हसरी मुलं-मुली आणि त्यांचे गुण. खाली खरी मुलं पाठीवर दप्तर घेऊन एका क्लासमधून दुसऱ्याकडे चाललेली. कुणी उमरीचं, कुणी अर्धापूरचं, कुणी उदगीरचं. अभ्यासिका, मेस, झेरॉक्स, परत मेस. प्यायच्या पाण्याचे जार वाहणारे टेम्पो सगळीकडे. मुक्कामाला बसस्थानकाजवळ स्वच्छ लॉज मिळतात, पण प्रवेशाच्या हंगामात पालकांचीच गर्दी असते, आधी फोन करून जा. संध्याकाळी गाड्यावर निलंगा राईस खाल्ला. झणझणीत, सोबत पाण्याची बाटली ठेवा.

हॉस्टेल तिथून जवळच होतं. मी म्हटलं, चल, मालकांना सांगून टाकू. शुभांगीने मान हलवली. "आधी सुमनबाई. निकाल त्यांचा आहे."

दुसऱ्या दिवशी औसामार्गे गावाकडे. औशाचा किल्ला वाटेतच आहे, तासभर काढून बघाच. पुढे रस्ता अरुंद होतो आणि मग एकाएकी आखलेलं गाव समोर येतं. सरळ गल्ल्या, काटकोनातले चौक, एकसारखी बुटकी घरं. तीस वर्षांत माणसांनी त्या सारखेपणात आपापले बदल केलेत. कुणी ओसरी काढली, कुणी गोठा, कुणी जांभळा रंग.

सुमनबाई दारातच उभ्या होत्या. चाळिशीच्या आतल्या, अंगाने किरकोळ. शुभांगीने आत बसून सगळं सावकाश सांगितलं. त्या कान देऊन ऐकत होत्या.

"मंजे माझ्यामुळं पोरं आजारी पडली न्हाईत?"

"तुमच्या पोटातला अमिबा तो आजार करतच नाही. मुलांच्यातला वेगळा होता."

त्यांनी पदर तोंडाला लावला. रडतील असं वाटलं, पण त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, "ताई, मला एकटीला नका सांगू. बदनामी समद्यांसमोर झाली. खुलासाबी समद्यांसमोर करा."

शुभांगी अडखळली. एखाद्याच्या तपासणीचा निकाल चारचौघांत सांगायचा नाही, हा तिच्या कामाचा पहिला नियम. तिने तो समजावून सांगितला. सुमनबाई ऐकेनात. "नियम माझ्यासाठीच हाय ना? मग मीच म्हनते, सांगा. कामावरनं काढलं त्याचं येवढं न्हाई. पर गावात आल्यापास्नं कुणी माझ्या हातचं खाईना. लग्नाकार्याला आचारी म्हणून मलाच बोलवायचे. आता माझी थोरली जाऊ कलावतीबाईसुदिक चहाला नगं म्हनती."

मग समाजमंदिरात सतरंज्या पडल्या. बाया एकीकडे, पुरुष एकीकडे. शुभांगीने आधी गावाचं सांगितलं. लहान मुलांत गोल जंत आहेत, अनवाणी शेतात जाणाऱ्यांत अंकुशकृमी आहेत, आणि एकाच गावातले, एकाच जातीचे जंतसुद्धा जनुकांनी सारखे नाहीत. त्यांची वेगवेगळी कुळं निघाली.

"मंजे किड्यातबी भावक्या हायेत म्हना की!" मागून एक म्हातारबाबा म्हणाले, आणि सगळं समाजमंदिर हसलं. शुभांगीही हसली. "आहेत. फक्त त्यांच्यात बांधावरनं भांडणं आहेत की नाही ते मला कळलं नाही."

मग तिने दोन अमिबांची गोष्ट सांगितली. नाव घेण्याआधी तिने सुमनबाईंकडे पाहिलं. त्या उभ्या राहिल्या. "माझंच हाय. बोला तुमी."

शुभांगी बोलली. हसू थांबलं होतं. पुढे बसलेल्या एका माणसाने विचारलं, "मग पोरं कशानं आजारी पडली? पाण्यानं?"

मला वाटलं, आता ती 'हो' म्हणेल. सगळ्यांना तेच ऐकायचं होतं. सुमनबाईंच्या बाजूनेही तेच सोयीचं होतं.

"ते मला सांगता येणार नाही," शुभांगी म्हणाली. "त्या दिवसांत तिथल्या पाण्याचा नमुना मी घेतला नव्हता. जे तपासलं नाही त्यावर मी बोलले तर सुमनबाईंवर बोललेल्या लोकांत आणि माझ्यात फरक काय राहिला?"

मग बायांतून एक उंच, करड्या आवाजाची बाई उठली. या कलावतीबाई, हे सुमनबाईंच्या चेहऱ्यावरूनच कळलं.

"ते अमिबाचं मला काय कळलं न्हाई, मॅडम. ही सैपाक करू शकती का न्हाई, येवढं सांगा."

"करू शकतात. साबणाने हात धुऊन. तुम्ही-मी करतो तसाच."

"मग चल गं," कलावतीबाई जावेला म्हणाल्या, "ह्या पोरी सकाळपास्नं उपाशी हायेत. पीठ मी मळते, भाकरी तू थाप."

ज्वारीची भाकरी, येसराची, म्हणजे भाजून दळलेल्या धान्य-मसाल्याची आमटी आणि ठेचा. कलावतीबाई आमच्या शेजारीच जेवायला बसल्या आणि त्यांनी आपलं ताट सुमनबाईंपुढे केलं. सुमनबाईंनी भाकरी वाढली आणि चटकन चुलीकडे तोंड फिरवलं. या वेळी मात्र त्या रडत होत्या. धुराचं कारण कुणी काढलं नाही.

दुपारी सुमनबाई आम्हाला जुन्या गावाच्या जागेवर घेऊन गेल्या. तिथे आता बाभळी, दगडांचे ढीग आणि मधोमध एक पार. त्यांचं माहेरही याच गावातलं; भूकंप झाला तेव्हा त्या खूप लहान होत्या. आई त्याच ढिगाऱ्यात राहिली. "हितं आमचं घर हुतं," त्यांनी एका झुडपाकडे बोट दाखवलं. "भूकंपानंतर लई लोक आले, ताई. कुणी फोटू काढले, कुणी मोजून नेलं, कुणी रक्त तपासून नेलं. चांगलीच मानसं हुती. पर काय सापडलं ते सांगाया परत कुणी आलं न्हाई." शुभांगी खाली बसली आणि चपलेत घुसलेला काटा काढू लागली.

तिथे जायचं असेल तर जा, पण सहलीला गेल्यासारखं जाऊ नका. गावातल्या कुणाला तरी सोबत घ्या.

तिसऱ्या दिवशी सुमनबाई आमच्याबरोबर लातूरला आल्या. इस्त्रीची साडी, हातात पिशवी. हॉस्टेलचे मालक मला वाटले होते तसे निघाले नाहीत. शांत, थकलेले गृहस्थ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दोन प्रश्नही नेमके विचारले.

"पटलं मला," ते म्हणाले. "पण मॅडम, रोज पालकांचे फोन येतात. दोन अमिबा त्यांना कुठवर समजावत बसू? आणि नवीन बाईंना आता काढता येत नाही. त्यांचंही घर आहे."

"तिला काडा म्हनत न्हाई मी," सुमनबाई म्हणाल्या. "मला कामावरनं काडलं ते चुकलं, येवढं म्हना."

मालक खुर्चीतून उठले. आतून स्वयंपाकघरातल्या बायांना हाक मारली आणि त्यांच्यासमोर म्हणाले, "सुमनबाईंच्या बाबतीत माझी घाई झाली. त्यांचा दोष नव्हता." आवाज जरा पडेल होता, पण शब्द स्पष्ट होते. शिवाय पाण्याची टाकी आणि सगळ्यांची तपासणी या महिन्यातच करून घेऊ, असंही ते म्हणाले. सुमनबाईंनी नमस्कार केला. बाहेर आल्यावर त्यांनी रस्त्यावरच्या गाड्यावरून आम्हाला उसाचा रस पाजला. आम्ही पाकीट काढलं तर रागावल्या.

त्यांना औशाच्या बसमध्ये बसवून आम्ही उदगीरमार्गे परतलो. वाट लांबची, पण किल्ल्यासाठी घेतलीच. तटावरून खालची बाजारपेठ दिसते, आणि भुसार मालाच्या पोत्यांमधून मराठी, कानडी, दखनी अशा सगळ्या बोली वर येतात. पुढे कंधारकडचा रस्ता काही ठिकाणी खराब आहे. उजेड असेतो पार करा.

आता घरी बसून हे लिहिते आहे. 'तिथे काय बघण्यासारखं आहे?' या प्रश्नाला उत्तर अजून नीट सापडलेलं नाही. गेल्यावर कुणी खायला वाढलं तर जेवा, आणि काही सांगायचं कबूल करून आला असाल तर परत जाऊन सांगा, एवढंच मला सुचतंय.

काल सुमनबाईंचा फोन आला होता. लातूरलाच मुलींच्या एका हॉस्टेलात त्यांना काम लागलंय. मागची हकीकत त्यांनी पहिल्याच भेटीत स्वतःहून सांगून टाकली.

"मालकीनबाई म्हनल्या, मग तपासून घ्यावं लागंल," त्या सांगत होत्या. "मी म्हनलं, घ्या की. पर माझ्या एकटीचं नगं. समद्या बायांचं तपासा, पान्याच्या टाकीचं तपासा, अन् आमच्यासंग जेवता तर तुमचंबी."

"मग?"

"मग काय, हसल्या. अन् समद्यांच्या आधी त्यांनीच तपासनीची डबी नेऊन दिली."