नखातलं ग्रीस

लिफ्टवालीला उंचीची भीती कधी वाटली नाही. वीस मजली इमारतीत लिफ्टच्या पोकळीत पट्ट्याला लटकून ती गाणी गुणगुणत लोखंडी दोर तपासायची. पाणी मात्र गळ्याशी आलं की तिचा जीव अर्धा व्हायचा. आणि आज तर डोक्यासकट बुडायचं होतं!

सगळं सुरू झालं ते सिनेगॉगच्या, म्हणजे यहुद्यांच्या प्रार्थनाघराच्या, बंद पडलेल्या लिफ्टपासून. दुरुस्ती करताना वरच्या खोलीतला वाद तिच्या कानावर पडला. म्हातारे धर्मगुरू आणि चार माणसं पोथीतल्या एकाच ओळीवरून तावातावाने भांडत होती. तिला राहवलं नाही.

"देवाच्या शब्दावरही प्रश्न विचारता येतो?"

"विचारावाच लागतो," धर्मगुरू म्हणाले.

ती हातातल्या पान्यासकट आत जाऊन बसली. यहुदी व्हायचंय म्हणाली, तेव्हा त्याच धर्मगुरूंनी रिवाजाप्रमाणे तिला तीनदा माघारी पाठवलं. ती चौथ्यांदा गेली. मग तीन वर्षं उजवीकडून डावीकडे हिब्रू अक्षरं गिरवली, विश्रांतीचा वार म्हणून शनिवारची कामं सोडली. आता उरल्या होत्या शुद्धीच्या कुंडातल्या तीन बुड्या, केसाचं टोकही वर न ठेवता.

आईने अबोला धरला होता. "माझ्या पोटची पोर परक्यांची होणार," एवढंच ती शेजारणीला ऐकवायची. पण आज सकाळी तीच आधी चपला घालून दारात उभी!

कुंडावरच्या बाईंनी हात पाहिले. "नखात ग्रीस आहे. अंगावर कणभरही काही चालत नाही."

दाराबाहेर तिघे धर्मगुरू साक्षीला खोळंबले होते. तेवढ्यात आईने बाह्या सरसावल्या आणि ब्रश उचलला. "आण इकडे. चिखलात लोळून यायचीस तेव्हा कोण घासायचं?" बोटं लालबुंद झाली, तेव्हा कुठे बाईंनी मान डोलावली.

पहिल्या बुडीत केस वर तरंगले.

"परत!" बाई म्हणाल्या.

दुसऱ्या वेळी ती अर्ध्यातूनच धापा टाकत उठली.

"अगं, घाबरतेस काय? मी आहे ना इथे!" काठावरून आई ओरडली.

तिने डोळे मिटले आणि गप्पकन खाली बसली. पाणी डोक्यावर मिटलं. वर येते तोच बाईंचा आवाज घुमला, "कोशेर!" म्हणजे अगदी नियमाप्रमाणे झालं!

तिने देवाची स्तुती करणारी प्रार्थना म्हटली. दाराबाहेरून तिघांचं "आमेन" आलं, आणि काठावरून आईचं, सगळ्यात मोठ्याने.

उरलेल्या दोन बुड्या तिने हसत हसत मारल्या. "अजून एक मारू?"

"पुरे, पुरे!" बाई म्हणाल्या. आईने टॉवेल पसरला आणि ओल्या लेकीला घट्ट गुंडाळून घेतलं.