शिऱ्यातले बेदाणे

हॉटेलात बसलं की मी हल्ली वेटरची उलटतपासणी घेतो. टोमॅटो सूपमध्ये साखर घालता का? सांबारात गूळ किती? कोशिंबिरीचं दही गोड करता का? बहुतेक वेटर पहिल्या प्रश्नाला बेधडक नाही म्हणतात, दुसऱ्याला जरा घुटमळतात आणि तिसऱ्याला आत विचारून येतो म्हणतात. आत जाऊन त्याने खरंच विचारलं की नुसता पाणी पिऊन आला, हे मला त्याच्या परत येण्याच्या वेगावरून कळतं. फार लवकर आला तर मी त्याला पुन्हा पाठवतो. माझी बायको तेवढा वेळ मोबाइलमध्ये डोकं घालून बसते आणि आपण या गृहस्थांबरोबर आलेलोच नाही असा चेहरा करते.

तिचं चूक नाही. माझा स्वभावच तसा, आणि पोटापाण्याच्या धंद्याने तो आणखी पक्का केला. कोलशेतच्या एका कारखान्यात मी तपासणी विभागात आहे. तीस वर्षं हातात मायक्रोमीटर आहे. भाग मापात बसला तर पास, नाही बसला तर लाल डबा. ‘साहेब, चालून जाईल’ असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. स्वतःच्या ताटापुढे मात्र मी इतकी वर्षं तेच म्हणत आलो होतो. रक्तात साखर सापडून बराच काळ झाला होता, गोळी चालू होती, आणि सकाळी गोळी घेतली की रात्री गुलाबजाम खायला मोकळीक मिळते अशी माझी सोयीची समजूत होती.

गेल्या दिवाळीनंतर चष्म्याचा नंबर तपासायला म्हणून मी कोपरीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. माझ्या मुलीपेक्षा पाच-सात वर्षांनी मोठ्या असतील त्या बाई. त्यांनी डोळ्यांत थेंब घातले, डोळ्याच्या आतला फोटो काढला आणि कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला. केशरी गोल होता आणि त्यावर बारीक तांबडे ठिपके. मी धंद्याच्या सवयीने ते मोजायला लागलो. बाईंनी शांतपणे सांगितलं की हे साखरेचं काम आहे, अजून नजरेला धक्का लागलेला नाही, पण तीन महिन्यांत साखर खाली आली नाही तर लागेल. मग त्यांनी विचारलं, घरात आणखी कोणाला होतं का? मी म्हटलं, वडिलांना. त्यांची नजर कशी होती? मी म्हटलं, गेली. बाईंनी ते कागदावर लिहून घेतलं.

घरी आल्यावर बायकोने ताबडतोब फर्मान काढलं की हॉटेल बंद. आम्ही दोघंही नोकरी करणारे. लग्न झाल्यापासून महिन्यातले दोन शनिवार बाहेर जेवायचं हा आमच्या घरचा नेम. तोच तिने एका वाक्यात मोडून टाकला. मी म्हटलं, हॉटेल चालू राहील आणि पथ्यही चालू राहील. तिला वाटलं मी पळवाट शोधतोय. माझं कारण वेगळं होतं, आणि ते मी तोपर्यंत तिलाही सांगितलेलं नव्हतं.

आमचं मूळ घर डोंबिवलीचं. वडिलांची साखर वाढली तेव्हा आईने त्यांचं बाहेर खाणं पूर्ण बंद केलं. घरी दुधी, पडवळ, कारलं, आणि लग्नकार्याला गेले तरी डब्यातली भाकरी. जिभेचे चोचले पुरवणारा माणूस, तो अगदी तोंड पाडून जेवायचा. मला ते बघवेना. मी नवा नवा नोकरीला लागलेलो. दर रविवारी सकाळी मी त्यांना फिरायला नेतो असं सांगून बाहेर काढायचो आणि स्टेशनजवळच्या एका उडप्याकडे नेऊन शिरा खायला घालायचो. गरम, तूप सुटलेला, वर बेदाणे. निघताना आमचं एक वाक्य ठरलेलं होतं. मी म्हणायचो, “आईला सांगायचं नाही.” ते शाळेतल्या पोरासारखे मान हलवायचे. मला वाटायचं मी केवढं प्रेम करतोय.

पुढे त्यांना दिसेनासं झालं. तरी मी नेत राहिलो. आता काय उरलंय, एवढं सुख तरी मिळू दे, असं मी स्वतःला समजवायचो. ते बशीच्या कडेने बोटं फिरवत शिरा चाचपायचे आणि मला विचारायचे, “बेदाणे आहेत का रे?” मी आहेत म्हणायचो. ज्या रविवारी नसत त्याही रविवारी आहेत म्हणायचो.

डॉक्टर म्हणतील की फक्त शिऱ्याने डोळे जात नाहीत. मलाही ते कळतं. पण सगळा दोष गोळ्यांवर आणि नशिबावर टाकून मोकळा होईन तर तीस वर्षं तपासणी काय केली मी? एका बाजूला आईचं कडक पथ्य, दुसऱ्या बाजूला माझा चोरटा लाड, आणि मधे तो माणूस. चारचौघांत उघडपणे बसून, पोटभर आणि बेताने जेवायचं त्यांना कोणी शिकवलंच नाही. म्हणून मला घरात कोंडून घ्यायचं नव्हतं. कोंडून घेतलं की चोरी सुरू होते.

तर मी कामाला लागलो. आधी काकडी-टोमॅटो, मग उसळ किंवा मासळी, शेवटी एक भाकरी, हा क्रम डोळ्यांच्या डॉक्टरांनी ज्यांच्याकडे पाठवलं त्या आहारतज्ज्ञ बाईंनी घालून दिला होता. बाळकुमला आमच्या सोसायटीच्या समोर एक मालवणी हॉटेल आहे. तिथे बांगडा रव्याशिवाय नुसता तव्यावर भाजून मिळतो हे मला पंधरा वर्षांत पहिल्यांदा कळलं, कारण पहिल्यांदा विचारलं. नाचणीची भाकरी कार्डावर नाही पण स्वयंपाकघरातले लोक स्वतःसाठी करतात, हेही कळलं. मी तीच मागायला लागलो. पहिल्या महिन्यात भूक लागायची, चिडचिड व्हायची. शेजारच्या टेबलावर बिर्याणीचं झाकण उघडलं की मी हातातली काकडी जरा जास्तच जोरात चावायचो.

खरी अडचण वेटरची नव्हती, माणसांची होती. आपल्याकडे डाएट म्हटलं की समोरच्याला चेव येतो. एका दिवसाने काय होतंय, आमच्यासाठी म्हणून घे, अगदी नखाएवढं घे. तुला काय धाड भरलीय, असं म्हणणारेही भेटतात. यावर मी एक नामी युक्ती काढली आणि तिथेच तोंडावर पडलो.

माझी मोठी बहीण कल्याणला असते. तिच्या लग्नाचा वाढदिवस गुरुवारी आला आणि तिने आम्हा सगळ्यांना तिकडच्याच एका मोठ्या हॉटेलात बोलावलं. ताईचा आग्रह म्हणजे ताटावर आडवा धरलेला हातही ती बाजूला सारते. डोळ्यांचं मी तिला सांगितलेलं नव्हतं. वडिलांचं सगळं तिने जवळून पाहिलेलं, उगाच तिचा जीव खालीवर कशाला करायचा? मग माझ्या लक्षात आलं की या घरात डाएटला कोणी भीक घालत नाही, पण उपास म्हटला की सगळे हात मागे घेतात. मी टेबलावर बसल्या बसल्या जाहीर केलं की मी हल्ली गुरुवार करतो, दोन्ही वेळचा. एक ताक घेईन, बिनसाखरेचं.

ताईचे डोळे भरून आले. जन्मभर देवळाच्या बाहेर चपला सांभाळत उभा राहणारा तिचा भाऊ गुरुवार करायला लागला होता. नुसत्या ताकावर ती मला ठेवते होय? तिने वेटरला बोलावलं आणि उपासाची थाळी मागवली. त्या हॉटेलात ती दर गुरुवारी असते, हे शहाण्या तपासनिसाने तपासलेलं नव्हतं. साबुदाण्याची खिचडी, साबुदाण्याचे वडे, बटाट्याची भाजी, वरीचे तांदूळ, राजगिऱ्याच्या पुऱ्या आणि वाटीभर श्रीखंड. आहारतज्ज्ञ बाईंनी ‘खायचं नाही’ म्हणून लाल शाईने लिहून दिलेली यादी जशीच्या तशी ताटात वाढून आली होती. बायको मोबाइलमधून डोकं वर काढून माझ्याकडे पाहत होती. उपासाचं पान टाकतात का, असं ताईने विचारलं आणि मी टाकलं नाही. देवाच्या नावाने खोटं बोललेला माणूस कुठल्या तोंडाने नाही म्हणणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी बोटाला सुई टोचली तेव्हा मशीनवर असा आकडा आला, की बायकोने चहाचं आधण ठेवता ठेवता गॅस बंद केला. आपण परत तेच केलं, हे मला स्वच्छ कळत होतं. वडिलांच्या वेळी आईशी खोटं, आता ताईशी खोटं, आणि दोन्ही वेळा साखर वर. माझी मलाच लाज वाटली.

मी कारखान्यात जायच्या आधीच ताईला फोन लावला. म्हटलं, “ताई, मी गुरुवार वगैरे काही करत नाही. माझ्या डोळ्यांत ठिपके आलेत.”

तिने विचारलं, “बाबांसारखे?”

मी हो म्हटलं. ती रडली, मग मला चांगलं फैलावर घेतलं. देवाला मधे घातल्याबद्दल अर्धं आणि तिच्यापासून लपवल्याबद्दल अर्धं. शेवटी भाऊजींच्या हातात फोन देऊन ती निघून गेली. त्या दिवसानंतर आमच्या नात्यागोत्यात मला कोणी नखाएवढंही घे म्हटलेलं नाही. ताईने कोणाला काय सांगितलं मला माहीत नाही, पण मध्यंतरी एका साखरपुड्यात माझ्यापुढे वाढप्याने जिलेबी धरली तेव्हा ती तीन पानं पलीकडून उठून आली होती. मी मात्र नियम केला. जे आहे ते सांगायचं, पहिल्या वाक्यात सांगायचं. मला मधुमेह आहे, डोळे सांभाळायचे आहेत, मी हे खाणार नाही. तीन वाक्यं. पहिल्यांदा म्हणताना जीभ अडखळली, मग सवय झाली.

तीन महिने संपायला चार दिवस राहिले होते तेव्हा मुलीचा पहिला पगार झाला. तिला मला एकट्यालाच जेवायला न्यायचं होतं. आई नेहमी ओरडते, आज आपण दोघंच, असं तिचं म्हणणं. मी विचारलं कुठे, तर म्हणाली डोंबिवलीला, तुझ्या लहानपणीच्या हॉटेलात. स्टेशनजवळचा तोच उडपी, पण ते हॉटेल आता ओळखू येत नाही. काचेचा दरवाजा झालाय, खुर्च्या बदलल्यात. मी वेटरची नेहमीची उलटतपासणी घेतली, मिश्र कडधान्यांची उसळ आणि काकडी मागवली, भाकरी नव्हती म्हणून एकच डोसा बिनबटाट्याचा. मुलगी कौतुकाने बघत होती. मग वेटरने एक बशी आणून आमच्या मधे ठेवली. तिने मला न विचारता सांगितलेली. शिरा होता, गरम, कडेने तूप सुटलेला.

तिने एक चमचा भरला, माझ्याकडे धरला आणि हळूच म्हणाली, “बाबा, इतके दिवस केवढं पाळलंयस. एकच घे. आईला नाही सांगणार.”

तिचा चेहरा मी ओळखत होतो. त्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसून मी कितीतरी रविवार हाच चेहरा केला होता. एवढ्या मायेने कोणी भरवत असताना नाही म्हणणं किती कठीण असतं, हे मला वडिलांच्या खुर्चीत बसल्यावर कळलं. मी तिचा चमचा बशीत परत ठेवायला लावला आणि तिला सगळं सांगितलं. फिरायला जातो असं सांगून निघणं, ते वाक्य, बशीवरून फिरणारी बोटं, बेदाण्यांचा प्रश्न आणि माझं खोटं उत्तर. आजोबांना कशाने दिसेनासं झालं एवढंच तिला माहीत होतं. दर रविवारी त्यांना कोण काय भरवत होतं, हे माहीत नव्हतं.

ती खाली मान घालून ऐकत होती. मग म्हणाली, “सॉरी बाबा. मी परत नाही विचारणार.”

“विचार की,” मी म्हटलं. “तुला वाटेल तेव्हा विचार. मी दर वेळी नाही म्हणेन.”

शिरा टाकू नकोस असंही मी तिला सांगितलं. सुरुवातीला तिला घास जाईना, पण तो होताच तसा, हळूहळू खायला लागली. मी माझा डोसा संपवला आणि समोर बघत बसलो. शिरा पिवळाधमक होता. काजूचा एक तुकडा जरा जास्त भाजला गेला होता. बेदाणे चार होते. चारही मला इकडून दिसत होते.