आतल्या बाजूचा ब्रेक पॅड

छोट्या गाडीचे ब्रेक पॅड नेमके केव्हा बदलावेत, या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधताना आलेला हा अनुभव आहे. मी रत्नागिरीत विज्ञान शिकवतो. गूढ गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता... आजही आहे, असे म्हणवत नाही.

शहाऐंशीचा फेब्रुवारी. धाकटी बहीण सुमन हिला सातवा महिना होता. कोल्हापूरहून आंबा घाट उतरून तिला बाळंतपणासाठी माहेरी आणायचे होते. म्हणून आदल्या रविवारी मी पुढची चाके काढून पॅड मोजले. पॅड म्हणजे पत्र्यावर बसवलेला थर. चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकडीला असे दोन पॅड, एक आतून आणि एक बाहेरून, आवळतात. थर तीन मिलिमीटरवर आला की पॅड बदलावेत. माझे सहा भरले. वहीत तशी नोंद केली.

सोमवारी दुपारी वडिलांना घेऊन भाट्याकडचा उतार उतरत होतो. नाना एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. इंजिनाशेजारी आयुष्य काढून दोन्ही कान गेलेले; समोरच्याचे ओठ बघूनच बोलणे कळायचे.

"वसंता, ब्रेक किंचाळतोय रे!"

मी काच खाली केली. काहीच नाही.

"नाना, तुम्हाला आई जेवायला हाका मारते ते ऐकू येत नाही—"

"तुझी आई रोजच किंचाळते. हा ब्रेक आहे. थांबव गाडी!"

ते खाली उतरले ते परत बसलेच नाहीत. "सुमीला ह्या गाडीत बसवायची नाय," एवढेच म्हणाले आणि चालू लागले.

त्यांचे समाधान करावे म्हणून मी मिरजोळ्याला दाऊद मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी डावे चाक उघडले आणि माझ्याकडे बघून हसले.

"सर, तुम्ही बाहेरचाच पॅड मोजलात. आतला कोण मोजणार?"

खाऱ्या हवेने कॅलिपरची, म्हणजे पॅड दाबणाऱ्या चिमट्याची, पिन गंजून अडकली होती; सगळा दाब आतल्याच पॅडवर येत होता. त्यावर जेमतेम एक मिलिमीटर थर उरला होता. घाटात तो टिकला नसता.

"म्हणजे नानांनी पत्रा घासल्याचा आवाज ऐकला," मी म्हणालो.

मिस्त्रींनी तबकडीवरून बोट फिरवले. "पत्रा अजून लागलाच नाही, सर. ओरखडासुद्धा नाही. आवाज येणार कुठून?"

नानांच्या पायांना कंप जाणवला असेल, असेही मी ताडून पाहिले. पण तबकडी गुळगुळीत असताना कंप तरी कशाचा?

नवे पॅड बसवले. चार दिवसांनी सुमनला घेऊन घाट उतरलो. नाना पुढे बसले होते, डोळे मिटून. पायथ्याशी मी मोठ्याने विचारले, "नाना, आता येतोय का आवाज?"

त्यांना माझा प्रश्न ऐकू आला नाही.

भाचा आता दोन वर्षांचा आहे. माझ्याजवळ अद्याप स्पष्टीकरण नाही. वाचकांना एकच विनंती: माझ्यावर विश्वास ठेवू नका, चाक काढा आणि आतला पॅडही स्वतः मोजून पाहा.